एकच ठेका तीस वेळा : लूपचे गणित

शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी तुम्हांला एक समूहगीत बसवायचे आहे, असे समजा. पेटी वाजवणारी मैत्रीण आहे, गाणारे भरपूर आहेत. पण ढोलकीवाला मित्र परगावी गेला आहे. जाण्यापूर्वी त्याने केरव्याच्या ठेक्याचे एकच आवर्तन, म्हणजे आठ मात्रा, मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून तुमच्या हवाली केले आहे. तुम्ही ते संगणकावर घेता, त्याचा पुढचा-मागचा नको असलेला भाग कापता आणि उरलेला तुकडा एकापुढे एक तीस वेळा चिकटवता. झाली ढोलकी तयार! पेटीचा ट्रॅक आधीच मेट्रोनोमच्या ठोक्यावर वाजवून घेतलेला आहे. आता दोन्ही एकदम लावून पाहता.

पहिल्या कडव्यापर्यंत सारे ठीक चालते. दुसऱ्या कडव्यात काहीतरी खटकू लागते. तिसऱ्या कडव्यात तर पेटी एकीकडे आणि ढोलकी दुसरीकडे, आणि गाणारे मधल्यामध्ये गोंधळलेले!

चूक कोणाची? ढोलकीवाला तालाचा पक्का आहे आणि पेटीही लय सोडत नाही. चूक आहे ती कात्रीची. आवर्तन कापताना ती केवळ एका सेकंदाच्या पन्नासाव्या भागाने हुकली होती. इतकी लहान चूक एवढा गोंधळ कशी घालते आणि ती कशी टाळायची, ते आता पाहू.

चूक साठत जाते

लय मिनिटाला १०० मात्रांची आहे, असे धरा. मग एका मात्रेला ६० भागिले १००, म्हणजे ०.६ सेकंद लागतो. केरव्याच्या आठ मात्रांचे आवर्तन ४.८ सेकंदांत पुरे व्हायला हवे. तुम्ही कापलेला तुकडा मात्र ४.८२ सेकंदांचा निघाला. फरक ०.०२ सेकंदाचा. तो तुकडा एकदाच वाजवला, तर हा फरक कोणाच्या लक्षातही येणार नाही.

पण आपण तो एकदाच वाजवत नाही. पहिले आवर्तन संपते तेव्हा ढोलकी ०.०२ सेकंद मागे असते. दुसरे संपते तेव्हा ०.०४ सेकंद मागे. पाचव्या आवर्तनानंतर ०.१ सेकंद मागे. एव्हाना सामान्य श्रोत्यालाही काहीतरी बिनसल्याचे जाणवते. पंधराव्या आवर्तनानंतर फरक ०.३ सेकंद होतो, म्हणजे बरोबर अर्धी मात्रा. आता ढोलकीची प्रत्येक थाप पेटीच्या दोन मात्रांच्या अगदी मधोमध पडते.

पुढे आणखी गंमत होते. तिसाव्या आवर्तनानंतर फरक ०.६ सेकंद, म्हणजे पुरी एक मात्रा होतो. मात्रेला मात्रा पुन्हा जुळते. पण ढोलकीची सम आता पेटीच्या दुसऱ्या मात्रेवर येते! ऐकणाऱ्याला वाटते की लय तर जुळते आहे, मग गाणे असे पांगळे का चालते आहे?

एकदा घडलेली चूक आणि पुन्हा पुन्हा घडणारी चूक यांत हा मोठा भेद आहे. आवर्तनांच्या संख्येने चुकीला गुणावे लागते. ध्वनिमुद्रणात एखादा तुकडा असा सतत फिरवत ठेवण्याला ‘लूप’ म्हणतात. लूप म्हणजे कडे किंवा वेटोळे. लूपचे सारे शास्त्र या एका गुणाकाराभोवती फिरते.

कडे आले कोठून?

लूप हा शब्द संगणकापेक्षा जुना आहे, आणि सुरुवातीला लूप म्हणजे खरोखरच एक कडे होते.

फ्रान्सच्या नभोवाणीत काम करणारे पियेर शेफेर यांनी १९४८ च्या सुमारास पॅरिसमध्ये ध्वनिमुद्रिकांवर काही प्रयोग केले. तबकडीवरची खाच साधारणपणे मळसूत्राप्रमाणे बाहेरून आत जाते. शेफेर यांनी एक खाच स्वतःलाच जाऊन मिळेल अशी, वर्तुळाकार कापली. सुई त्या खाचेत अडकली की तोच ध्वनी फिरून फिरून ऐकू येई. तबकडी मिनिटाला ७८ फेऱ्या घेत असेल, तर एक फेरी ६० भागिले ७८, म्हणजे सुमारे ०.७७ सेकंदात पुरी होते. त्यामुळे अशा लूपची लांबी तबकडीच्या वेगानेच ठरून जाई.

चुंबकीय फीत आल्यावर ही अडचण दूर झाली. फितीचा हवा तेवढा तुकडा कापावा, त्याची दोन टोके चिकटपट्टीने जोडावी आणि ते कडे टेपरेकॉर्डरवर फिरत ठेवावे. व्यावसायिक टेपरेकॉर्डरवर फीत पुष्कळदा सेकंदाला ३८.१ सेंटिमीटर वेगाने धावे. या वेगाने आपले ४.८ सेकंदांचे आवर्तन साठवायला सुमारे १८३ सेंटिमीटर फीत लागेल. आणि ०.०२ सेकंदाची चूक म्हणजे फितीवर जेमतेम पाऊण सेंटिमीटर!

१९७७ साली ‘बी जीज’ या गायकवृंदाचे ‘स्टेइंग अलाइव्ह’ हे गाणे तयार होत असताना त्यांचा ड्रमवादक उपलब्ध नव्हता. तंत्रज्ञांनी काय केले? त्याच वृंदाच्या आधी मुद्रित झालेल्या ‘नाइट फीव्हर’ या गाण्यातून ड्रमची दोन आवर्तने उचलली, त्यांच्या फितीचे कडे केले आणि त्यावर नवे गाणे उभे केले. तुमच्या ढोलकीची आणि या ड्रमची गोष्ट एकच आहे. बाकीचे ट्रॅक सरळ पुढे जात राहतात आणि एकच ट्रॅक गोल फिरत राहतो.

लेहरा वाजवणारा काय करतो?

आता एक प्रश्न तुमच्या मनात आला असेल. तबल्याचे एकल वादन चालू असते, तेव्हा पेटीवर किंवा सारंगीवर एकच सुरावट अर्धा-अर्धा तास वाजत राहते. तिला लेहरा किंवा नगमा म्हणतात. तीनतालाचा लेहरा सोळा मात्रांचा असतो. तोही एक लूपच नव्हे का? मग लेहरा वाजवणाऱ्याची चूक का साठत नाही?

तो माणूस आहे, म्हणून त्याचे प्रत्येक आवर्तन घड्याळाच्या काट्याने मोजल्यासारखे सारखे येत नाही. एखादे शतांश सेकंदाने लवकर संपते, एखादे उशिरा. पण त्याचे कान तबल्याकडे लागलेले असतात. समेला दोघे एकमेकांची गाठ घेतात आणि मागच्या आवर्तनात पडलेला बारीकसा फरक तेथेच मिटून जातो. पुढचे आवर्तन कोऱ्या पाटीवर सुरू होते. चूक होते, पण दर समेला तिचे खाते बंद होते, म्हणून ती साठत नाही.

यंत्राला कान नाहीत. फितीचे कडे पेटीकडे लक्ष देत नाही. ते आपल्या लांबीपुरते फिरते आणि जो काही फरक असेल तो पुढच्या फेरीच्या माथी मारते.

हीच अडचण माणसाला कालगणनेत फार पूर्वी आली होती. पृथ्वीचे ऋतुचक्र सुमारे ३६५.२४२२ दिवसांचे आहे. वर्ष ३६५ दिवसांचे धरले तर दर वर्षी जवळजवळ पाव दिवसाची चूक होते आणि चार वर्षांत ती सुमारे एक दिवस होते. म्हणून आपण चौथ्या वर्षी २९ फेब्रुवारी घालून हिशेब जुळवतो. आपल्या पंचांगातही तेच आहे. बारा चांद्रमासांचे सुमारे ३५४ दिवस होतात, म्हणजे सौर वर्षाला ११ दिवस कमी पडतात. ही तूट साठू दिली तर दिवाळी हळूहळू मागे सरकत पावसाळ्यात येईल. म्हणून सरासरीने दर साडेबत्तीस महिन्यांनी अधिक महिना येतो. लीप वर्षाचा जादा दिवस, अधिक मास आणि तबल्याची सम, तिघांचे काम एकच : साठलेली चूक ठरावीक जागी पुसून टाकणे.

संगणकाची सम

संगणकावरील ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरला ही सम कशी सापडते, ते पाहू.

संगणक ध्वनी अखंड साठवत नाही. मायक्रोफोनकडून येणाऱ्या विद्युत्‌लहरीची उंची तो ठरावीक अंतराने मोजतो आणि आकड्यांची यादी करून ठेवतो. प्रत्येक मोजणीला नमुना म्हणतात. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीसाठी सेकंदाला ४४,१०० नमुने ही संख्या ठरली होती आणि ती अजूनही सर्रास वापरतात. म्हणजे संगणकाच्या दृष्टीने आपले आवर्तन ४.८ गुणिले ४४,१००, म्हणजे २,११,६८० नमुन्यांचे आहे. ही पूर्ण संख्या आहे. बरोबर इतकेच नमुने कापले, तर चूक शून्य. आणि शून्याला तीसने गुणा की तीनशेने, उत्तर शून्यच.

पण लय मिनिटाला १३० मात्रांची असली तर? आठ मात्रांचे नमुने होतात १,६२,८३०.७६९... नमुन्याचा तुकडा पाडता येत नाही. प्रत्येक वेळी अपूर्णांक सोडून दिला, तर तीस आवर्तनांत सुमारे २३ नमुन्यांची, म्हणजे अर्ध्या मिलिसेकंदाची चूक होईल. (एक मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग.) ती ऐकू येणार नाही. परंतु तेच एक तासभर चालू ठेवले, तर सुमारे ९७५ आवर्तने होतील आणि चूक १७ मिलिसेकंदांवर जाईल.

नीट बांधलेल्या सॉफ्टवेअरमध्ये यावर साधा उपाय असतो. पुढचे आवर्तन कोठे सुरू करायचे, हे ते मागचे आवर्तन कोठे संपले त्यावरून ठरवत नाही; गाण्याच्या अगदी आरंभापासून मोजून ठरवते. शंभरावे आवर्तन सुरू करायचे असेल, तर १,६२,८३०.७६९... ला ९९ ने गुणायचे आणि आलेले उत्तर जवळच्या पूर्ण संख्येला आणायचे. अशा रीतीने प्रत्येक आवर्तनाची चूक फार तर अर्ध्या नमुन्याची राहते. पहिल्या आवर्तनाला जेवढी, तेवढीच हजाराव्यालाही.

पडद्यावर तुम्हांला उभ्या रेषांची जी जाळी दिसते, ती हीच. प्रत्येक रेषा म्हणजे एक मात्रा. तुकड्याची कड रेषेजवळ नेली की ती रेषेला चटकन चिकटते, अशी सोय पुष्कळ सॉफ्टवेअरमध्ये असते. ती सोय म्हणजे संगणकाने घेतलेली सम होय. मात्र तिचा उपयोग व्हायचा, तर ध्वनिमुद्रणापूर्वीच गाण्याची लय सॉफ्टवेअरला सांगायला हवी आणि वादकाने मेट्रोनोम ऐकत वाजवायला हवे. नंतर अंदाजाने लय शोधणे म्हणजे भिंत बांधून झाल्यावर ओळंबा लावणे!

तुकडा ४.८२ सेकंदांचाच असेल, तर दोन मार्ग उरतात. शेवटचे ०.०२ सेकंद कापून टाकणे, किंवा सगळा तुकडा किंचित आवळून ४.८ सेकंदांत बसवणे. फीत जलद फिरवली तर आवाज आवळतो खरा, पण त्याची पट्टीही चढते. संगणक मात्र ध्वनीचे अगदी बारीक, एकमेकांवर थोडे चढलेले तुकडे करतो आणि ते अधिक दाटीने मांडतो. त्यामुळे पट्टी न बदलता लांबी बदलते. १९९८ साली आलेल्या ‘ॲसिड’ या सॉफ्टवेअरने लूपसाठी ही युक्ती घराघरांत नेली.

सांधा दिसता कामा नये

लांबी अचूक कापली, तरी एक दोष राहू शकतो. प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी ‘टक्’ असा बारीक आवाज येतो. तो कशाने?

लाकडी ठशाने कापडावर वेलबुट्टी छापताना तुम्ही पाहिली असेल. ठशाच्या उजव्या कडेला वेल ज्या उंचीवर संपते, त्याच उंचीवर ती डाव्या कडेला सुरू झाली पाहिजे. नाही तर प्रत्येक सांध्याला वेल तुटलेली दिसेल. ध्वनीच्या लहरीचे तसेच आहे. तुकड्याच्या शेवटी लहर शून्यरेषेच्या वर असेल आणि आरंभी शून्यरेषेच्या खाली, तर सांध्यावर तिला क्षणार्धात वरून खाली उडी मारावी लागते. ध्वनिक्षेपकाचा पडदा त्या उडीने हिसका खातो. अशा एकाएकी बदलात बहुतेक सर्व कंप्रता थोड्याथोड्या मिसळलेल्या असतात, म्हणून आपल्याला सूर ऐकू न येता ‘टक्’ ऐकू येते.

उपाय दोन. पहिला : दोन्ही कडा अशा जागी कापाव्या की तेथे लहर शून्यरेषा ओलांडत असेल, आणि दोन्हीकडे ती एकाच दिशेने, खालून वर किंवा वरून खाली, जात असेल. दुसरा : शेवटचे पाच-दहा मिलिसेकंद हळूहळू मंद करावे आणि त्यांच्यावरच पुढच्या तुकड्याचा आरंभ हळूहळू चढवावा. सुतार दोन फळ्या जोडताना त्यांची टोके तिरकी तासून एकमेकांवर बसवतो, त्यासारखेच हे.

आणखी एक अडचण झांजेची. आठव्या मात्रेवर झांज वाजली, तर तिचा नाद पुढच्या आवर्तनातही घुमत राहतो. तुकडा आठव्या मात्रेअखेर कापला की तो नाद मध्येच तुटतो. येथे जाणते लोक एक युक्ती करतात. वादकाला एकाऐवजी दोन-तीन आवर्तने सलग वाजवायला सांगतात आणि त्यांतले दुसरे कापून घेतात. दुसऱ्या आवर्तनाच्या आरंभी पहिल्याच्या झांजेचा घुमार आधीच मिसळलेला असतो. मग ते फिरवले की शेवटी तुटलेला नाद आरंभी पुन्हा सापडतो आणि सांधा कानाला कळत नाही.

प्रत्येक ट्रॅकचे कडे वेगळे

आतापर्यंत आपण एकच ट्रॅक फिरवला. पण प्रत्येक ट्रॅकला स्वतःच्या लांबीचे कडे दिले तर? बर्लिनच्या ‘एबलटन’ कंपनीचे २००१ मध्ये आलेले ‘लाइव्ह’ हे सॉफ्टवेअर अशाच कामासाठी प्रसिद्ध आहे.

समजा, ढोलकीचा लूप ८ मात्रांचा आहे, पेटीचा ६ मात्रांचा आणि घुंगरांचा ५ मात्रांचा. तिन्ही एकदम सुरू केले, तर ते पुन्हा एकदम आरंभाला केव्हा येतील? तुम्ही शाळेत शिकलेला लसावि येथे कामाला येतो. ८, ६ आणि ५ यांचा लसावि १२०. म्हणजे १२० मात्रांनी तिघांची सम पुन्हा एक होईल. मिनिटाला १०० मात्रांच्या लयीत याला ७२ सेकंद लागतात. मूळ सामग्री केवळ १९ मात्रांची; पण त्यातून ७२ सेकंदांचे, तीच जुळणी पुन्हा न येणारे संगीत निघाले!

ब्रिटिश संगीतकार ब्रायन ईनो यांनी १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’ या ध्वनिमुद्रिकेसाठी हेच केले. त्यासाठीचे काही काम जर्मनीत कोलोनजवळ कॉनी प्लँक यांच्या स्टुडिओत झाले. फितीची कडी इतकी लांब होती की ती खोलीत ठेवलेल्या ॲल्युमिनियमच्या खुर्च्यांच्या पायांभोवती फिरवावी लागली. वर सांगितलेल्या ३८.१ सेंटिमीटर वेगाने हिशेब केला, तर साडेतेवीस सेकंदांच्या लूपला सुमारे ९ मीटर फीत लागते, हे लक्षात घेतले म्हणजे खुर्च्या कशाला, ते कळेल.

प्रत्येक कड्यावर एखादाच स्वर होता. ईनो यांनी पुढे एका व्याख्यानात तीन कड्यांचे अंदाजे काळ सांगितले : साडेतेवीस सेकंद, २५ पूर्णांक ७/८ सेकंद आणि २९ पूर्णांक १५/१६ सेकंद. आता आपण गणित करू. सेकंदाचा सोळावा भाग हे एकक घेतले, तर हे काळ ३७६, ४१४ आणि ४७९ होतात. ४७९ ही मूळ संख्या आहे. तिघांचा लसावि येतो ३,७२,८१,५२८. त्याला १६ ने भागले की २३,३०,०९५.५ सेकंद, म्हणजे जवळजवळ २७ दिवस! अर्ध्या मिनिटाहूनही लहान असे तीन स्वर-तुकडे, आणि त्यांची पहिली जुळणी पुन्हा ऐकायची तर सत्तावीस दिवस थांबायला हवे.

चुकीचेच संगीत

येथे मघाच्या आपल्या बिघडलेल्या ढोलकीकडे पुन्हा पाहा. पेटीचे आवर्तन ४.८० सेकंदांचे आणि ढोलकीचे ४.८२ सेकंदांचे. ही तरी काय, दोन वेगळ्या लांबीची कडीच! त्यांचा लसावि काढला तर १,१५६.८ सेकंद येतो, म्हणजे १९ मिनिटे आणि सुमारे १७ सेकंद. तेवढ्या वेळात पेटीची २४१ आवर्तने होतात आणि ढोलकीची २४०. मग दोघांची सम आपोआप पुन्हा जुळते. सावकाश दूर जाणे आणि सावकाश जवळ येणे, असा हा खेळ आहे.

अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइश यांनी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये रस्त्यावर प्रवचन करणाऱ्या एका माणसाचा आवाज मुद्रित केला होता. १९६५ साली त्यातल्या एका लहान तुकड्याची दोन सारखी कडी करून ते ती दोन टेपरेकॉर्डरांवर एकदम वाजवत होते. यंत्रांच्या वेगांत अगदी थोडा फरक होता. एक आवाज दुसऱ्यापासून हळूहळू सरकू लागला : आधी जाडसर झाला, मग घुमला, मग प्रतिध्वनीसारखा ऐकू आला. राइश यांनी यंत्रे दुरुस्त केली नाहीत. त्या सरकण्यालाच रचना मानले. ‘इट्स गॉना रेन’ ही ती रचना. पुढे १९६७ मध्ये त्यांनी ‘पियानो फेज’ लिहिली. तिच्यात दोन पियानोवादक तेच सरकणे हातांनी घडवून आणतात.

म्हणजे साठणारी चूक समूहगीत बिघडवते आणि तीच एखाद्या संगीतकाराला नवी वाट दाखवते. फरक कशात आहे? राइश यांना फरक किती आणि तो कोठे नेणार, याचा अंदाज आला होता. आपल्या ढोलकीचा फरक आपल्याला ठाऊकच नव्हता.

करून पाहा

हा प्रयोग ‘ऑडॅसिटी’ या मोफत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर करता येईल. शाळेच्या संगणकावर शिक्षकांच्या मदतीने करा.

१. मेट्रोनोमचा ट्रॅक तयार करण्याची सोय वापरून मिनिटाला १०० ठोक्यांचा, सुमारे अडीच मिनिटांचा ट्रॅक बनवा.

२. कानाला हेडफोन लावून, ते ठोके ऐकत, वेगळ्या ट्रॅकवर टाळ्यांची तीन-चार आवर्तने मुद्रित करा. आठ मात्रांपैकी पहिल्या मात्रेची टाळी जोरात द्या.

३. दुसऱ्या आवर्तनाचा बरोबर ४.८०० सेकंदांचा भाग निवडा. त्याची एक प्रत नव्या ट्रॅकवर घ्या आणि ती तीस वेळा वाजेल अशी एकापुढे एक मांडा. त्याच जागेपासून ४.८२० सेकंदांचा भाग निवडून तसाच दुसरा ट्रॅक करा. दोन्ही ट्रॅक मेट्रोनोमच्या ठोक्याशी जुळवून सुरू करा.

४. आधी पहिला ट्रॅक मेट्रोनोमबरोबर ऐका, मग दुसरा. कितव्या आवर्तनाला फरक पहिल्यांदा जाणवला, ते प्रत्येकाने न बोलता वहीत लिहा. वर्गातल्या सर्वांचे आकडे गोळा करून आलेख काढा. पेटी-तबला शिकणाऱ्यांना फरक लवकर कळला का?

संगणक नसला तरी बिघडत नाही. वर्गाचे दोन गट करा. एका गटाने दर तिसऱ्या मात्रेला आणि दुसऱ्याने दर चौथ्या मात्रेला टाळी द्यावी. शिक्षकांनी टेबलावर मात्रा मोजावी. बाराव्या मात्रेला सगळ्या वर्गाची टाळी एकदम पडेल. ती पडली नाही, तर कोणाचे तरी मोजणे चुकले!

लूप लावताना, तुमचे साधन फीत असो, संगणक असो की हातातला मोबाइल, दोनच गोष्टी ध्यानात ठेवा. तुकडा मात्रेने मोजून कापा, आणि तो पुन्हा सुरू करताना दर वेळी आरंभापासूनच मोजा. मग एकाच आवर्तनावर सारे समूहगीत खुशाल उभे करा. शेवटच्या कडव्यालाही ढोलकी समेवरच येईल.

सोडवून पाहा

(१) दादरा ६ मात्रांचा, केरवा ८ मात्रांचा आणि झपताल १० मात्रांचा. तिन्हींचे लूप मिनिटाला १०० मात्रांच्या लयीत एकदम सुरू केले, तर त्यांची सम पुन्हा किती सेकंदांनी एक होईल?

(२) मिनिटाला ९६ मात्रांच्या लयीत एका मात्रेचे किती नमुने होतील? ती पूर्ण संख्या आहे का? आठ मात्रांचे किती?

(३) ५ सेकंदांचा एक लूप दर फेरीला ३ मिलिसेकंद मागे पडतो. तो ६० मिलिसेकंद मागे पडायला सुमारे किती वेळ लागेल?

उत्तरे : (१) लसावि १२० मात्रा, म्हणजे ७२ सेकंद. (२) २७,५६२.५, पूर्ण संख्या नाही. आठ मात्रांचे मात्र २,२०,५००, ही पूर्ण संख्या आहे. (३) २० फेऱ्या, म्हणजे सुमारे १०० सेकंद.